खाली पट्टी येते ते चॅनल

केबलवाला स्वतः चौथ्या मजल्यापर्यंत चढून आला, तेव्हाच आईने ओळखलं की काहीतरी बदलणार आहे. एरवी तो वर येत नसे. आंबिवलीतली आमची इमारत जिथे उभी आहे तिथे एके काळी त्याच्या वडिलांची भातशेती होती. शेती गेली, इमारती आल्या, आणि त्या इमारतींच्या गच्च्यांवरून त्याने केबलच्या तारा नेल्या. सगळे त्याला शेठ म्हणत. माझे वडील मात्र अरे-तुरे करत, कारण त्यांनी त्याला याच जागी बांधावर म्हशी राखताना पाहिलं होतं.

पाणी पिऊन त्याने हातातला छापील कागद उलगडला. दोन्ही बाजूंना बारीक अक्षरात चॅनलांची नावं होती.

"आता सरकारनं सांगलाय, ज्याला जो चॅनल पायजे तोच त्यानं घ्यायचा. जो बघाल त्याचे पैसे. नाय बघाल त्याचे नाय."

"म्हणजे आम्ही निवडायचं?" आईने विचारलं.

"तुमीच."

आईने चष्मा लावला. तिला संध्याकाळच्या दोन मालिका, सकाळची भजनं आणि पदार्थ दाखवणारं एक चॅनल हवं होतं. मला बातम्यांची चॅनल हवी होती. मी एका दैनिकाच्या ठाण्यातल्या कचेरीत उपसंपादक होतो, त्यामुळे ती घरीही सोडता येत नसत. पेन फिरलं, थोड्या खुणा झाल्या. केबलवाल्याने त्यांच्याकडे नीट पाहिलंही नाही.

"काकी, असं सुटं नका घेऊ. सुटं म्हाग पडतं. बुके घ्या."

"बुके?"

"पॅक. तुमची ही सगली त्यात येतात. वर लहान पोरांची, इंग्लिश पिक्चरची, खेलाची."

"लहान पोर कोण आहे आमच्याकडे?"

"नाय ना. पण ती सोबत येतात."

"भाजी घेतली की कोथिंबीर पण सोबत येते. तिचे पैसे नाही कोणी लावत."

"हल्ली लावतात, काकी," तो म्हणाला, आणि दोघंही हसली.

आईने पॅक घेतला. इमारतीतल्या इतर घरांतही तेच झालं. जी घरं हौसेने एकेक चॅनल निवडायला बसली, त्यांनीही हिशेब पाहून शेवटी पॅकच घेतला. निवडीचा हक्क खरा होता. तो वापरणं मात्र न वापरण्यापेक्षा महाग होतं.

हे सगळं होईपर्यंत वडील खिडकीपाशी बसले होते. केबलवाला उठायला लागला तेव्हा त्यांनी विचारलं, "आपलं कुठल्या बुकेत आहे?"

"आपला कुठला, काका?"

"आपलं रे. खाली पट्टी येते ते."

"ता कशातच नाय. ता फुकट हाय. तारेसोबत येतं."

"मग खूण कुठे करायची?"

"खूणच नाय करायची. तार हाय तवर ता हाय."

वडिलांनी कागद मागून घेतला आणि दोन्ही बाजू वाचून काढल्या. मग तो परत देत म्हणाले, "इथे लिहिलेलंच नाही. उद्या बंद झालं तर विचारणार कुणाला?"

"मनाच विचारा की. मी कुठं जाताय?"

ते चॅनल केबलवाल्याचं स्वतःचं होतं. स्टेशनजवळच्या त्याच्या कचेरीच्या मागच्या खोलीतून ते चाले आणि मोहने, आंबिवली आणि आजूबाजूच्या गावांत, म्हणजे त्याची तार जाई तेवढ्याच भागात, दिसे. दिवसभर जुने चित्रपट, देवाची गाणी, गावच्या जत्रेचं चित्रीकरण. त्याच्या पुतण्याच्या हळदीचा कार्यक्रम आम्ही इतके दिवस पाहिला की आईला त्यातल्या नाचणाऱ्या बायका बाजारात भेटल्या तरी ओळखू येत. या सगळ्याच्या खालून एक पट्टी सरकत असे. पाणी कधी जाणार, खोली भाड्याने देणे आहे, अमक्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, आधार कार्ड हरवलं आहे, आणि कोण गेलं.

वडील आवाज बंद करून फक्त पट्टी वाचत. वर नाच चाललेला असो की लढाई, त्यांची नजर पडद्याच्या खालच्या कडेवरून हलत नसे. बातम्यांच्या चॅनलवर जी बातमी वर मावत नाही ती पट्टीत टाकतात. वडिलांच्या लेखी वरचं चित्र हेच जागा भरायला टाकलेलं होतं.

याचं कारण मोहन्याच्या कारखान्यात होतं. वडिलांची सगळी नोकरी तिथल्या पॉवर हाऊसमध्ये गेली. आम्ही कारखान्याच्या वसाहतीतल्या चाळीत राहत होतो. तिथे कोणी गेलं तर निरोप पाठवावा लागत नसे. रडण्याचा आवाजच चाळभर जाई. मग कोणीतरी आमची कडी वाजवे आणि वडील कोयता घेऊन बाहेर पडत. तिरडी ते बांधत. कोणी नेमलं नव्हतं, पण आधीचा बांधणारा गावी निघून गेल्यावर ते काम त्यांच्याकडे आलं आणि राहिलं. कुणाच्या घरी ते नुसते भेटायला गेले तरी एखादी म्हातारी थट्टेने म्हणे, "आज मोकळ्या हाताने आलात ना भाऊ? मग बसा."

कारखाना बंद पडला. वसाहत हळूहळू रिकामी झाली. माणसं टिटवाळा, शहाड, आंबिवली, कल्याण अशी पांगली, काही कोकणात आणि देशावर आपापल्या गावी गेली. जी जवळपास राहिली त्यांच्या घरांना आता चाळीची सामाईक भिंत नव्हती. कोण गेलं ते कळायचं कसं, हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारला नाही. पट्टी होती, म्हणून तो विचारावा लागला नाही. कोणाच्या घरी काही झालं की घरचं कोणीतरी केबलवाल्याच्या कचेरीत फोन करी आणि थोड्या वेळात ते खालून सरकू लागे. वडील टीव्ही बंद करून कोयता शोधत.

एकदा मात्र पट्टीने घोळ घातला. तिच्यात एक नाव आलं. वडील आणि आणखी चौघे टिटवाळ्याला त्या माणसाच्या घरी पोहोचले. दार त्यानेच उघडलं.

"आज सगळे एकदम?" तो म्हणाला. मग त्याची नजर कोयत्याकडे गेली. "काय रे, कोण गेलं?"

वडील म्हणाले, "पट्टीत तुझं नाव आहे."

"माझं? अरे, तो विस्कोज खात्यातला! त्याचं-माझं नाव एक. आयुष्यभर त्याची पत्रं मी वाचली, आता हेही माझ्याकडेच?" आणि आत वळून बायकोला म्हणाला, "चहा टाक. माझ्या मयतीला आलेत."

उभ्याउभ्या चहा घेऊन सगळे, तो माणूसही, खऱ्या घरी गेले. वडील नंतर अनेक दिवस हे सांगत, आणि प्रत्येक वेळी शेवटी म्हणत, "पण बांबू वेळेवर पोचला."

चूक नुसती सारख्या नावामुळे झाली नव्हती. कारखान्यात कोणालाच कोणाचं पूर्ण नाव माहीत नव्हतं. माणूस ओळखला जाई तो खात्यावरून: स्पिनिंग, बॉयलर, कॅन्टीन, टाइम ऑफिस. वडिलांना सगळे 'पॉवर हाऊस' म्हणत. त्यांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आलेल्या भेटीच्या पाकिटांवरही तेच लिहिलेलं होतं. मेल्यावर मात्र घरचे कागदोपत्री असलेलं नाव देत आणि पट्टी वाचणारे बुचकळ्यात पडत. त्या टिटवाळ्याच्या फेरीनंतर वडील केबलवाल्याकडे गेले आणि त्याला सांगून आले की नावापुढे कंसात खातं टाकायचं. तेव्हापासून ती पद्धत पडली. बाहेरच्या माणसाला त्या कंसातून काही कळलं नसतं.

वाहिन्या निवडून घेण्याची पद्धत आली आणि रुळली. पॅकचे दर बदलत राहिले, चॅनल एका पॅकमधून दुसऱ्यात जात राहिली. घरात तक्रार आईची असे. वडिलांच्या चॅनलला यातलं काही लागलं नाही. ते यादीत नव्हतं, म्हणून ते वाढलं नाही आणि कमीही झालं नाही.

मग फायबर आलं. कंपनीचा माणूस रविवारी सकाळी खालच्या पार्किंगमध्ये टेबल मांडून बसला. इंटरनेट, टीव्ही आणि चित्रपट-मालिकांची ॲप असं सगळं एकाच बिलात मिळणार होतं, आणि सगळ्या इमारतीने मिळून घेतलं तर दर कमी होणार होता. सोसायटीची सभा तिथेच, स्कूटरींच्या मध्ये भरली. माझं मत फायबरच्या बाजूने होतं. पानं तपासायचं काम बऱ्याचदा घरून करावं लागे आणि जुन्या जोडणीवर ती उघडायला वेळ लागे. इतरांची कारणं तितकीच साधी होती. मुलांचे अभ्यास, कोणाची घरून नोकरी, कोणाला क्रिकेट.

वडील प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी कंपनीच्या माणसाला विचारलं, "यात आपलं येतं का?"

"सगळं येतं, अंकल. कुठलं हवंय?"

"खाली पट्टी येते ते."

तो माणूस फोनमध्ये शोधू लागला. सेक्रेटरीने त्याला थांबवलं. "अहो, ते इथलं लोकल. ते नाही यांच्याकडे. काका, ते बघतं तरी कोण आता?"

दुसऱ्या मजल्यावरची एक सून म्हणाली, "काका, त्याच्यात रोज कोणीतरी मेलेलंच असतं."

"म्हणून तर बघतो," वडील म्हणाले.

सभा हसली. वडीलही हसले. मग हात वर झाले. कोणी कोणावर दबाव आणला नाही, कोणी वाईट बोललं नाही. वडिलांनी हात वर केला नाही आणि विरोधही केला नाही. त्यांनी एवढंच विचारलं की ज्याला जुनी केबल ठेवायची आहे त्याला ठेवता येईल का. सेक्रेटरी म्हणाला, "ठेवा की काका. चॉइस तुमचा."

त्या शब्दाचा अर्थ काही आठवड्यांनी केबलवाला सांगायला आला. यावेळी त्याने पाणी घेतलं नाही.

"काका, तुमच्या बिल्डिंगमधी आता तुमीच."

"बाकी सगळे गेले?"

"सगले. वरती गच्चीवर तो डबा हाय ना, सिग्नल वाढवतो तो, तो एका घरासाठी चालू ठेवायचा म्हंजे नाय जमत. लाईट लागते, पावसात जलतो, मानूस पाठवावा लागतो. मी तुमाला नाय बोलत नाय. पण तुमीच सांगा."

मी त्या संभाषणात फक्त ऐकत होतो, आणि ऐकताना जे स्पष्ट झालं ते असं: वडिलांचं चॅनल फुकट नव्हतं. खाली राहणाऱ्या ज्या घरांनी ते कधी लावलंही नाही, ती ते पेलून धरत होती. त्यांच्या मालिका, त्यांचं क्रिकेट, त्यांच्या मुलांची कार्टून यांच्या पाठीवर बसून ते चौथ्या मजल्यावर येत होतं. आई म्हणाली होती त्या कोथिंबिरीसारखं. आता भाजीच कोणी घेत नव्हतं.

ही गोष्ट इमारतीत पसरली. संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरची तीच सून वर आली. सोबत तिचा नवरा होता.

"काका, आम्ही आमची केबल परत चालू करतो. तळमजल्यावरचे पण तयार आहेत. दोन-तीन घरं झाली की शेठ ठेवेल."

"तुम्ही बघणार आहात?"

"आम्ही कशाला... तुमच्यासाठी."

"मग नको," वडील म्हणाले. "तुम्ही महिन्याला पैसे भरणार आणि मी बसून मेलेले मोजणार. बरं नाही दिसत ते."

आई म्हणाली, "अहो, ती मनापासून म्हणतेय."

"मनापासूनच म्हणतेय. म्हणून नको."

तार काढली गेली. भिंतीला जिथून ती आत येत होती तिथलं भोक आईने पांढऱ्या सिमेंटने बुजवलं. मी वडिलांच्या फोनवर जुन्या कामगारांचा एक ग्रुप जोडून दिला. तो आधीपासून होता आणि त्यात माणसं भरपूर होती. सकाळी फुलं आणि सूर्य येत, दुपारी औषधी पाल्याची माहिती, संध्याकाळी राजकारण. वडील बोटाने वर सरकवत राहत. पट्टी स्वतः सरकत असे, हे त्यांनी एकदा बोलून दाखवलं. तक्रार म्हणून नव्हे, फरक म्हणून.

पावसाळा संपता संपता ते बाजारातून परतले आणि चप्पल न काढता दारात उभे राहिले. कॅन्टीन गेला होता. शहाडला राहणारा, वसाहतीत आमच्या शेजारच्या खोलीतला, माझ्या बारशाला जिलेबी तळणारा. कळलं ते भाजी घेताना, त्याच्या मेहुण्याकडून. तेरावंही होऊन गेलं होतं. तो गेल्याचं ग्रुपवर आलं होतं. दोन शुभ सकाळींच्या मध्ये, पूर्ण नावाने. वडिलांनी ते वाचलंही होतं आणि खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. कॅन्टीनचं पूर्ण नाव ते आहे, हे त्यांना कधी माहीत नव्हतं.

"बांधली कोणी?" आईने विचारलं.

"गाडीतून नेलं म्हणे. हल्ली स्टीलची असते."

त्यानंतरचा दिवस त्यांनी घरातच काढला. दुसऱ्या दिवशी चार वाजता ते कपडे करून बाहेर पडले आणि दिवेलागणीला परत आले. पुढचे दिवसही तसंच. आठवड्याच्या सुटीच्या दिवशी मी स्टेशनकडे गेलो तेव्हा ते कुठे जातात ते दिसलं. केबलवाल्याच्या कचेरीत, काउंटरच्या वर टांगलेल्या टीव्हीवर त्याचं चॅनल दिवसभर चालू असे. त्याच्या खाली तीन खुर्च्या होत्या. एकीत वडील, दुसरीत स्पिनिंग, म्हणजे टिटवाळ्याचा तोच माणूस. तिसरीवर त्यांच्या पिशव्या.

मागच्या खोलीत केबलवाल्याची सून बसे. फोन घेणं आणि पट्टी टंकणं ही तिची कामं. मी गेलो तेव्हा ती फोन हातात धरून दारात आली होती आणि गेलेल्याचं नाव सांगून विचारत होती, "काका, हे कोण? खातं माहीत नाय बोलतात. मुलगा पुण्याला असतो."

"चाळ कुठली विचार."

तिने विचारलं आणि सांगितलं.

"टोकाची खोली? बॉयलर," स्पिनिंग म्हणाला.

"बॉयलर कसा? बॉयलरला सायकल होती. हा पायी यायचा. टाइम ऑफिस," वडील म्हणाले.

"पायी यायचा कारण सायकल मी घेतली होती!"

"मग परत दिलीस?"

"तो गेला, आता कुणाला देऊ," स्पिनिंग म्हणाला. सून तोंडावर पदर धरून आत गेली. तिने कंसात बॉयलर टाकलं. वडिलांनी पुन्हा वाद घातला नाही.

मी त्यांना घेऊन निघालो नाही. बाहेर उभं राहून पट्टी वाचली. तिची भाषा बदलली होती. पूर्वी तिच्यात दुःखद निधन असे, प्राणज्योत मालवलेली असे, कुटुंबावर डोंगर कोसळलेला असे. आमच्या दैनिकातही रोज ते खोडावं लागतं. आता तिथे लिहिलं होतं की अमुक माणूस, बॉयलर, आज दुपारी गेले. पाच वाजता घरूनच नेणार. जिना अरुंद आहे, दोघांनीच वर यावं, बाकीच्यांनी खाली थांबावं. बांबू आणू नये, येत आहे.

शेवटचं वाक्य कोणाचं ते विचारायची गरज नव्हती. कोयता पिशवीतच होता, तिसऱ्या खुर्चीवर.

त्या दिवशी ते दोघं बॉयलरच्या घराकडे गेले आणि मी घरी आलो. रात्री जेवताना आईने विचारलं, किती जण होते. वडील म्हणाले, मोजके. मग सांगितलं की सगळे मोहन्याचे आणि अटाळीचे होते. जिथे तार अजून आहे, तिथले. आंबिवलीच्या नव्या इमारतींमधून कोणी आलं नाही. तिथे माणसं आहेत, पण त्यांना कळलं नसणार.

आता वडिलांचा दिवस ठरलेला आहे. चार वाजता कचेरी, परतताना भाजी. मी अधूनमधून सोबत जातो. केबलवाला काउंटरवर असतो, पूर्वीइतक्या घाईत नसतो. त्याने अजून चॅनल बंद करायची भाषा केलेली नाही, पण हळदीचं चित्रीकरण पुन्हा पुन्हा लागतं, नवं काही लागत नाही. गावातल्या लग्नांची हळद आता लोक फोनवर बघतात.

खुर्चीत बसण्याआधी वडील आधी पट्टीकडे पाहतात. तिच्यात काही नसलं तर केबलवाल्याकडे वळतात.

"आज कोण?" ते विचारतात.

केबलवाल्याला प्रश्न कळतो. तो इमारतीचं नाव सांगतो. रेल्वे फाटकाजवळची, नाहीतर शाळेमागची. तार कालच काढली, म्हणतो.

"तिच्यात आपलं कोणी होतं?"

तो आठवून सांगतो. वडील स्पिनिंगकडे बघतात, स्पिनिंग मान हलवतो. मग सुनेला हाक मारून वडील तिला त्या माणसाचं खातं आणि घर लिहून घ्यायला सांगतात. यापुढे कोणी गेलं की त्याच्या दारावर स्वतः जाऊन सांगावं लागणार, एवढ्यासाठी.